वेतावर आलेलं आजारपण

भाद्रपदात माजावर आलेल्या कुत्र्या कार्तिक-मार्गशीर्षात वितात. त्यामुळे मराठवाड्यात दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कडब्याच्या गंजीखाली, पऱ्हाट्यांच्या ढिगाआड, गोठ्याच्या कोपऱ्यात पिल्लंच पिल्लं दिसतात. आपल्याकडचे गारठ्याचे दिवसही हेच. परभणीत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो. हरभऱ्यावर घाटेअळीची फवारणी चालू असते, तूर काढणीला आलेली असते, ऊसतोडीला गेलेल्या घरांची कुत्री गावात मागे राहिलेली असतात. अशात एखाद्या सकाळी सात पिल्लांपैकी एक आईपासून लांब, थंड जमिनीवर पडलेलं सापडतं. संध्याकाळपर्यंत दुसरं दूध सोडतं. तिसऱ्या दिवशी वेत निम्मं झालेलं असतं आणि नेमकं काय झालं हे कोणालाच सांगता येत नाही.

मग जो तो आपापलं कारण सांगतो. नजर लागली, गारठा बाधला, आईचं दूध बिघडलं, गॅस्ट्रो झाला. यातलं गारठ्याचं आणि दुधाचं कारण कधीकधी खरंही असतं. अडचण अशी की कारणाला एकदा नाव मिळालं की पाहणं थांबतं. माझं ठाम मत आहे की ज्या पिल्लांच्या बाबतीत ‘कारण कळलंच नाही’ म्हणतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कोणी तापमान पाहिलेलं नसतं, वजन केलेलं नसतं, ओठ वर करून हिरडी बघितलेली नसते आणि मेलेलं पिल्लू तासाभरात पुरून टाकलेलं असतं. सगळं पाहूनही काही वेळा उत्तर मिळत नाही, हेही खरं. पण मागे राहिलेल्या पिल्लांना वाचवायला पूर्ण उत्तर लागतंच असं नाही. पिल्लं कोणत्या वयात, कोणत्या क्रमानं, किती तासांच्या अंतरानं पडली, एवढं जरी हाताशी असलं तरी डॉक्टरांना धागा मिळतो.

म्हणून पहिलं पिल्लू मलूल दिसलं की त्याच दिवशी वही काढावी. प्रत्येक पिल्लाला खूण हवी. गळ्यात दोरा बांधू नये. पिल्लं आठवड्यात दुप्पट होतात आणि दोरा मानेत रुततो. मागच्या पायाच्या नखांना वेगवेगळ्या रंगाचं नेलपॉलिश लावलं की काम होतं. वजनासाठी स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्यावा, त्यावर पातेलं ठेवून शून्य करावं आणि पिल्लू पातेल्यात ठेवावं. पहिल्या दिवशी वजन थोडं घटलं तर चालतं, पण दहा टक्क्यांहून जास्त नाही. त्यानंतर रोज पाच ते दहा टक्के वाढ व्हायला हवी आणि आठ-दहा दिवसांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट व्हायला हवं. तीनशे ग्रॅमचं पिल्लू दुसऱ्या दिवशीही तीनशेच भरलं, तर ते डोळ्यांना ठणठणीत दिसत असलं तरी आजारी समजावं. काटा बहुतेक वेळा डोळ्यांच्या आधी सांगतो. पिल्लं लहान असताना सकाळ-संध्याकाळ, पुढे दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी वजन करावं.

आता सगळ्यात आधी करायची गोष्ट, ऊब.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. कुडकुडून ऊब आणायचं कसब त्याच्या अंगात अजून आलेलं नसतं. त्याचं नेहमीचं तापमानही मोठ्या कुत्र्यापेक्षा कमी असतं : पहिल्या आठवड्यात ९५ ते ९९ अंश फॅरनहाइट, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ९७ ते १००, आणि महिन्याभरानंतर ते मोठ्यांच्या १०० ते १०२.५ च्या जवळ येतं. माणसांचा साधा डिजिटल थर्मामीटर चालतो. टोकाला व्हॅसलीन लावून शेपटीखाली जेमतेम एक सेंटिमीटर आत धरायचा. आकडा ९४-९५च्या खाली गेला की पिल्लाचं आतडं हलायचं थांबतं, दूध ओढायची ओढही संपते. इथेच घरोघरी एक घातक गोष्ट घडते. पिल्लू गार पडलंय, अशक्त झालंय, म्हणून मायेपोटी कोणीतरी त्याच्या तोंडात दूध पिळतं. ते दूध पोटात तसंच कुजतं किंवा श्वासनलिकेत जातं. गार पिल्लाला दूध द्यायचं नाही. आधी ऊब, मग दूध.

ऊबही सावकाश द्यावी लागते. तासाला दोन अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त घाई करू नये. दोन-तीन तास लागले तरी चालतील. पिल्लू शेगडीजवळ धरलं किंवा गरम पाण्यात बुडवलं तर कातडीखालच्या रक्तवाहिन्या एकदम उघडतात, आतल्या अवयवांचं रक्त बाहेरच्या बाजूला ओढलं जातं आणि पिल्लू हातातच जातं. सगळ्यात चांगली जागा म्हणजे माणसाचं अंग : सदऱ्याच्या आत, छातीशी. सोबत जाड पुठ्ठ्याचं खोकं, तळाला जुन्या गोधडीची घडी, त्यावर धुतलेलं सुती कापड आणि खोक्याच्या एकाच बाजूला कोमट पाण्याची, कापडात गुंडाळलेली बाटली. दुसरी बाजू मोकळी ठेवायची, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येतं. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या अंगाजवळची हवा २९ ते ३२ अंश सेल्सिअस असावी, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत जावी. ६० वॅटचा बल्ब लावायचा तर दीड-दोन फूट वर आणि खोक्याच्या एका कोपऱ्यावर. रात्री लाईट गेली की बल्बचा उपयोग संपतो, त्यामुळे बाटल्या तयार ठेवाव्यात. ज्वारी तव्यावर शेकून कापडी पिशवीत भरली तरी ती तासभर धग धरते. बारदान मात्र पिल्लांखाली घालू नये. त्यावर आधी खत होतं की कीटकनाशक, हे आपल्याला ठाऊक नसतं.

वैशाखात वेत झालं तर गणित उलटं होतं. पत्र्याखाली ४२-४३ अंशांत पिल्लं धापा टाकतात, वेगवेगळी पसरून पडतात आणि त्यांच्यातलं पाणी झपाट्यानं कमी होतं. पिल्लं कशी झोपलीत ते पाहिलं की पुरे. एकमेकांवर रचलेली असली तर गारठा, विखुरलेली असली तर उकाडा, एकमेकांना जेमतेम टेकून असली तर ठीक.

ऊब आल्यावर साखर. नवजात पिल्लाच्या यकृतात साठवलेली साखर एखाद्या दिवसात संपते, आणि दूध सुटलं की ते थरथरतं, मान टाकतं, झटकेही येतात. पाव कप म्हणजे ५० मिली कोमट पाण्यात अर्धा चमचा, साधारण अडीच ग्रॅम, ग्लुकोज पावडर विरघळवली की पाच टक्क्यांचं पाणी होतं. १०० ग्रॅम वजनाला एक ते दोन मिली, ड्रॉपरनं थेंब थेंब, जिभेच्या कडेला. पिल्लू गिळत नसेल तर फक्त बोटानं हिरडीला चोळावं आणि दवाखान्यासाठी गाडी काढावी.

पाण्याची कमतरता ओळखायला मोठ्या कुत्र्याची कातडी ओढून बघतात, तो उपाय नवजाताला लागू पडत नाही. त्याची कातडी अजून तशी झालेली नसते. त्यापेक्षा एक सोपी गोष्ट करावी. कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून, पिळून, पिल्लाच्या लघवीच्या जागी हळूहळू फिरवावा. आई जिभेनं हेच करते, आणि पहिले दोन-तीन आठवडे तिच्या चाटण्याशिवाय पिल्लाला लघवी-शी होतच नाही. बोळ्यावर उतरणारी लघवी पाण्यासारखी, बिनरंगाची असेल तर पाणी पुरेसं आहे. पिवळी उतरली तर कमी पडतंय. हिरडी बोटाला ओलसर लागावी आणि गुलाबी असावी. चिकट लागली, पांढरी पडली किंवा निळसर झाली तर दवाखाना. तिथे कातडीखाली कोमट सलाईन देतात आणि अनेकदा तेवढ्यानं पिल्लू परत दुधाला लागतं. शी कशी आहे तेही बघावं. पिवळसर, टूथपेस्टइतकी घट्ट असली तर उत्तम. पांढरट असली तर दूध पचत नाही, आणि लाल म्हणजे उशीर करायचा नाही.

दूध द्यायची वेळ आलीच तर स्वच्छ करंगळी तोंडात घालून पिल्लू ओढतंय का ते आधी पाहावं. ओढत नसेल तर बाटली उपयोगाची नाही; नळीनं दूध द्यायला लागतं आणि ते डॉक्टरांकडून शिकल्याशिवाय करू नये. कुत्रीचं दूध गाईच्या दुधापेक्षा फार घट्ट असतं. त्यात प्रथिनं आणि स्निग्धांश दोन्ही दुपटीच्या आसपास असतात. म्हणून ‘हलकं व्हावं’ म्हणून गाईच्या दुधात पाणी घालणं म्हणजे पिल्लाला उपाशी ठेवणं. पिल्लांसाठीची दूध पावडर छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या दुकानांत मिळते. ती येईपर्यंतचा एखादा दिवस म्हशीच्या निरशा दुधाला उकळी देऊन, कोमट झाल्यावर, कपाला अंड्याचा एक पिवळा बलक फेटून घालून काढता येतो. एका वेळी १०० ग्रॅम वजनाला चार मिलीच्या वर नको, आणि पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पिल्लू नेहमी पोटावर, आईला पितं त्याच बैठकीत ठेवायचं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनियानं पिल्लू जातं. तेव्हा ते आधीच्याच आजारानं गेलं असं सगळे समजतात. पाजताना नाकातून दूध परत येत असेल तर तोंड उघडून टाळू पाहावी. टाळूला चीर असलेलं पिल्लू प्रत्येक वेतात नसतं, पण असलं तर कारण तिथंच सापडतं.

हे सगळं चालू असतानाच कारणाचा माग काढायचा, आणि त्यात वय हा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार.

पहिले दोन-तीन दिवस गारठा, भूक, अवघड बाळंतपण, जन्मतःच कमी वजन आणि चीक न मिळणं ही कारणं पुढे असतात. आईच्या चिकातली रोगाशी लढणारी ताकद पिल्लाच्या आतड्यातून जेमतेम पहिला एक दिवस शोषली जाते, त्यातही पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त. त्यानंतर कितीही दूध पाजलं तरी ती शिदोरी मिळत नाही. चीक चुकलेल्या पिल्लाच्या नाळेतून जंतू शिरले की पोट फुगतं, पोटाची कातडी लालसर-जांभळी होते, पिल्लू एकसारखं कण्हत रडतं. नाळेवर गोठ्यातली माती, राख, हळद-तेल लावण्यापेक्षा पोव्हिडोन आयोडीनचा एक बोळा फिरवलेला बरा. आईची आचळंही एकेक करून दाबून बघावीत. एखादं गरम, कडक, जांभळट असेल आणि त्यातून पू किंवा रक्ताळ दूध येत असेल तर कासदाह. त्या आचळाला पिल्लं लावायची नाहीत आणि आईवर उपचार करायचे.

एक ते तीन आठवड्यांच्या मधे धडधाकट पिल्लं दूध सोडून रडायला लागली, पोटाला हात लावू देईनात आणि दिवस-दोन दिवसांत एकामागून एक गेली, तर कुत्र्यांच्या हर्पिस विषाणूचा विचार करावा लागतो. हा विषाणू गार अंगात फोफावतो. मोठ्या कुत्र्याच्या नेहमीच्या तापमानाला तो नीट वाढत नाही. म्हणूनच आईला काहीही झालेलं दिसत नाही आणि पिल्लं मात्र जातात. लागण झालेलं पिल्लू वाचवणं फार अवघड, पण न बाधलेल्यांना ऊबदार ठेवण्याचा फायदा इथे थेट असतो. आणखी एक गोष्ट अशा घरांना सांगावीशी वाटते : एकदा ही लागण होऊन गेलेल्या कुत्रीच्या पुढच्या वेतातली पिल्लं बहुधा वाचतात, कारण तिच्या चिकात संरक्षण आलेलं असतं. एका वेतावरून कुत्रीला ‘अपशकुनी’ ठरवून सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडत चालल्या आणि शी डांबरासारखी काळी झाली, तर अंकुशकृमी. हे जंत आईच्या दुधातूनच पिल्लाच्या पोटात येतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. यात एक फसवी गोष्ट आहे. जंत अंडी घालायला लागण्याआधीच पिल्लाचं रक्त संपत आलेलं असतं, त्यामुळे शी तपासली तरी अहवालात ‘काही नाही’ येऊ शकतं. अहवालापेक्षा हिरडीवर विश्वास ठेवावा. जंताचं औषध, पायरँटेल, पिल्लांना दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात वजनाप्रमाणे द्यायचं असतं. आपल्याकडे बहुतेक पिल्लांना पहिला डोस दोन महिन्यांनी मिळतो, तोवर कित्येक गेलेली असतात. पिसवा आणि गोचीडही एवढ्याशा जिवाचं रक्त संपवायला पुरतात. गोचिडांतून बबेसियासारखा गोचीड ताप आला तर लघवी गडद, कॉफीसारखी होते आणि रक्ताची काचपट्टी तपासून निदान करता येतं. मात्र गुरांच्या अंगावर मारायचं गोचिडाचं औषध लहान पिल्लांवर कधीही ओतू नये. सौम्य साबणाच्या कोमट पाण्यानं धुऊन, लगेच कोरडं करून, बारीक फणीनं आणि चिमट्यानं पिसवा-गोचीड काढावेत. वेळ लागतो, पण पिल्लू जिवंत राहतं.

सगळी पिल्लं काही तासांच्या आत एकदम पडली तर आधी विषाचा विचार करावा. संसर्ग बहुधा एकेकाला गाठत जातो, दोन-चार दिवसांचं अंतर ठेवतो. विष एका ताटलीतून सगळ्यांना लागतं, आणि जे सगळ्यात हावरट, अंगानं दांडगं, तेच आधी कोसळतं. फवारणीच्या दिवसांत पंपाखाली सांडलेलं पाणी, औषध कालवलेली बादली, धान्यात ठेवायच्या गोळ्या, उंदरासाठी कालवलेलं काळं औषध, हे सगळं आपल्या घरांत पिल्लांच्या उंचीवरच असतं. तोंडातून लाळेच्या धारा, बारीक झालेल्या बाहुल्या, थरथरणारे स्नायू आणि पाण्यासारखे जुलाब दिसले की ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक; त्यावर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन आहे, पण ते लवकर मिळालं तरच. डब्याची चिठ्ठी फाडून डॉक्टरांकडे न्यावी. उंदराचं काळं औषध किंवा धान्याची गोळी पोटात गेली असेल तर ओकारीला लसूण किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. तो वायू माणसालाही घातक, म्हणून दारं-खिडक्या उघडाव्यात आणि तोंड जवळ नेऊ नये. उंदराच्या काही वेगळ्या औषधांनी मात्र तीन-चार दिवसांनी नाकातून, हिरड्यांतून, शीतून रक्त यायला लागतं, आणि तोवर औषध खाल्ल्याचं कोणाच्या ध्यानातही नसतं. त्यावर व्हिटॅमिन के-१ आहे. मीठ-पाणी पाजून उलटी काढायचा गावठी उपाय लहान पिल्लांना मिठाच्याच विषानं मारतो.

आईपासून मिळालेलं संरक्षण सहाव्या आठवड्यापासून ओसरायला लागतं आणि मग येतो पार्वो, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘गॅस्ट्रो’ म्हणतात. १९७८मध्ये हा विषाणू जगभर पसरला आणि तेव्हापासून दोन ते चार महिन्यांच्या पिल्लांचा तो सगळ्यात मोठा वैरी आहे. शरीरात ज्या पेशी भराभर वाढतात त्यांनाच तो धरतो : आतड्याचं अस्तर आणि हाडांच्या मगजातल्या रक्तपेशी. म्हणून एकीकडे अस्तर सुटून रक्ताचे जुलाब, दुसरीकडे पांढऱ्या पेशी संपल्यानं जंतूंना मोकळं रान. लागण झाल्यापासून तीन ते सात दिवसांत पिल्लू आधी नुसतं गप्प होतं, खाणं सोडतं, मग फेसाळ ओकाऱ्या आणि मग उग्र, एकदा घेतला की विसरता न येणाऱ्या वासाचे जुलाब. शीच्या नमुन्यावर दहा मिनिटांत किट उत्तर देतं. पण किट निगेटिव्ह आलं म्हणून निश्चिंत होऊ नये. आजाराच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटी विषाणू शीत कमी असतो. उलट नुकतीच लस दिलेल्या पिल्लात ते पॉझिटिव्हही येऊ शकतं. लक्षणं आणि पांढऱ्या पेशींची संख्या यांच्याशी जुळवूनच निकाल वाचायचा.

पार्वोला मारणारं औषध नेहमीच्या दवाखान्यात नाही, तरी नीट उपचार मिळालेली बहुतेक पिल्लं वाचतात आणि उपचाराविना बहुतेक जातात. उपचार म्हणजे शिरेतून सलाईन, त्यात साखर आणि पोटॅशियमचा तोल, ओकारी थांबवणारं इंजेक्शन, जंतूंसाठी अँटिबायोटिक, आणि ओकारी आटोक्यात येताच थोडं थोडं खाणं. पोटाला ‘विश्रांती’ म्हणून दोन-तीन दिवस उपाशी ठेवायची जुनी पद्धत आता मागे पडली आहे; लवकर खायला मिळालेली पिल्लं लवकर सावरतात. दिवसातून एकदा दवाखान्यात नेऊन एक बाटली चढवून परत आणणं पुरत नाही. रात्रीच पिल्लू कोरडं पडतं. घरी ठेवावंच लागलं तर डॉक्टरांकडून शिरेतली सुई लावून घ्यावी आणि सलाईनचा वेग लिहून घ्यावा. तापावर माणसाची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक द्यायची नाही. पिल्लाचं यकृत, पोट, मूत्रपिंड यांना ती झेपत नाहीत.

फिनाइलनं पार्वो मरत नाही. घरोघरी फिनाइलनं फरशी पुसून तिसऱ्या आठवड्यात नवं पिल्लू आणतात, आणि तेही जातं. शी आधी पूर्ण धुऊन काढायची, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, म्हणजे लिटरला साधारण ३५ मिली, ओतून दहा मिनिटं ओलं ठेवायचं. मातीच्या अंगणात ब्लीचही नीट चालत नाही. सावलीच्या दमट मातीत विषाणू अनेक महिने टिकतो. बरं झालेलं पिल्लूही दोन-तीन आठवडे शीतून विषाणू टाकत असतं, तेवढा काळ त्याला इतर कुत्र्यांपासून लांब ठेवायचं.

नाकाडोळ्यांतून पिवळा चिकट स्राव, खोकला, पोटावर पुटकुळ्या आणि पुढे तोंडाला चघळल्यासारखे झटके दिसले तर डिस्टेंपर. याचा विषाणू साध्या जंतुनाशकानंही मरतो, पण मेंदूपर्यंत गेला की हातात फार थोडं राहतं.

आणि रेबीज. पिल्लांना रेबीज होत नाही असा समज आहे, तो चुकीचा आहे. पिसाळलेलं कुत्रं किंवा कोल्हा वेतात शिरून गेला असेल, आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही, पिल्लं विनाकारण चावत सुटली, आवाज बदलला, जबडा लोंबला, लाळ गळू लागली, तर तोंडात बोट घालून ‘घशात काही अडकलंय का’ बघायचं नाही. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. घरातल्या लेकरांनी त्या पिल्लांना हात लावला होता का, हे त्यांना न रागावता विचारावं, म्हणजे ती खरं सांगतात.

एवढं करूनही एखादं पिल्लू जातं. तेव्हा घरातल्यांना ते लवकर नजरेआड व्हावं असं वाटतं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण वेतातली बाकीची जिवंत असतील तर मेलेल्या पिल्लाइतकी खात्रीची माहिती दुसरं कोणी देऊ शकत नाही. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे शवविच्छेदनाची विचारणा करता येते. जवळच्या गुरांच्या दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनाही विचारावं. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक जनावरांच्या मदतीसाठीच आहे. पिल्लू दुहेरी प्लास्टिक पिशवीत बांधून, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमधे ठेवावं. डीप फ्रीजरमधे ठेवू नये. गोठलं की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. शक्यतो बारा तासांच्या आत पोचवावं. उन्हाळ्यात तर त्याहून लवकर, कारण आपल्याकडच्या उन्हात दोन-चार तासांत सडायला सुरुवात होते. सोबत वहीचं पान : जन्मतारीख, वजनं, कोण कधी पडलं, काय खाल्लं, कोणती औषधं दिली, आईच्या लसी. रेबीजची शंका असेल तर ती पिशवी उघडण्याआधी सांगावी. मूत्रपिंडावरचे लाल ठिपके हर्पिसकडे बोट दाखवतात, रिकामं जठर उपासमारीकडे, पांढरंफटक पडलेलं शरीर आणि आतड्याला लटकलेले जंत अंकुशकृमीकडे. विषाची शंका असेल तर जठरातला माल वेगळ्या बाटलीत, बर्फावर.

सगळ्यात कठीण घटका वेगळीच असते. चार पिल्लं आजारी आहेत आणि पैसे दोघांच्या सलाईनपुरते आहेत, अशी वेळ आपल्याकडच्या घरांवर येते. त्यावर बोलायला लोक लाजतात, पण बोललं पाहिजे. डॉक्टरांना सरळ सांगावं, हातात एवढेच आहेत. माझ्या मते आधी ते पिल्लू घ्यावं जे अजून गिळतं, ज्याचं तापमान टिकून आहे. त्याला थोड्या उपचारात तरता येतं. जे झटक्यांतून बाहेर येतच नाही, त्याला डॉक्टरांच्या इंजेक्शननं शांतपणे जाऊ देणं ही माया आहे. आजारी पिल्लू बाजाराच्या गावाला किंवा हायवेच्या पलीकडे सोडून देणं मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. ते तिथे एकटं तडफडतं आणि त्या गावच्या पिल्लांना रोग देऊन जातं. ‘कुत्र्याच्या पिल्लाचं एवढं काय’ असं म्हणणारे भेटतात. रात्रभर दर दोन तासांनी उठून ज्यानं पाजलंय, त्याला या वाक्याचं उत्तर देत बसायची गरज नाही.

पिल्लं गेलेल्या आईकडे लगेच बघावं लागतं. आचळं दुधानं ताठतात. ती पिळत राहिलं की दूध आणखी उतरतं. दोन-तीन दिवस खुराक थोडा कमी करावा, पाणी तोडू नये, आणि रोज आचळांना हात लावून गाठ किंवा गरमपणा तपासावा. वारंवार गाभ गळत असेल किंवा मेलेली पिल्लं होत असतील तर तिची आणि नराची ब्रुसेला या गाभ गाळणाऱ्या जंतूसाठी तपासणी करावी. तो आजार माणसालाही लागतो, म्हणून वार, रक्त, मेलेली पिल्लं उघड्या हातानं उचलू नयेत.

पुढच्या वेताची तयारी नर दाखवायच्या आधीच सुरू होते. लातूर जिल्ह्यात कारवानी जातीची कुत्री जपणारी घरं आहेत. पिल्लाच्या बांध्याची, पळण्याची चर्चा तिथे रंगते, तेवढीच आईच्या लसीच्या कार्डाची व्हावी असं मला फार वाटतं. माजाच्या आधी तिची पार्वो-डिस्टेंपरची आणि रेबीजची लस पूर्ण असावी. गाभण राहिल्यावर चाळिसाव्या दिवसापासून व्याल्यानंतर चौदाव्या दिवसापर्यंत रोज फेनबेंडॅझोल दिलं, तर दुधातून जाणारे जंत पुष्कळ कमी होतात. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे बाळंतपणाची जागा दोन आठवडे आधी कोरडी, वाऱ्याआड आणि फवारणीच्या साहित्यापासून लांब करून ठेवता येते. पिल्लांची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या मधे, मग दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पुरे झाल्यावर. हा शेवटचा डोसच बहुतेक ठिकाणी राहून जातो, कारण तोवर पिल्लू मोठं दिसायला लागलेलं असतं. आईकडून आलेलं संरक्षण काही पिल्लांत इतके दिवस टिकतं की आधीची लस ते वायाच घालवतं. शेवटचा डोस त्यांच्यासाठीच असतो. आणि ज्या अंगणात पार्वो होऊन गेलाय, तिथे वर्षभर तरी सगळे डोस पूर्ण न झालेलं पिल्लू आणू नये.